हा कर

आमच्या घरात पाहुण्यापेक्षा संशयाला जास्त मान होता. दूध नासलं की पहिला संशय मांजरावर जायचा, मग शेजारणीच्या नजरेवर, आणि त्या दोघींनी हात वर केले की माझ्यावर. आता मी त्या पातेल्यापासून बरीच लांब आले, स्वतःचं घर झालं, चष्मा लागला, गुडघे बोलायला लागले. पण हा वारसा काही सुटला नाही. परवा माझी लेक शाळेतून आली आणि म्हणाली, आज वर्गात सगळ्यांना टॅबवर प्रश्न भरायला दिले होते, तब्येतीबद्दल आणि सवयींबद्दल. मी सहज विचारलं, “काय काय विचारलं गं?” ती म्हणाली, “आई, ते गोपनीय असतं,” आणि फ्रिजकडे गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. गोपनीय. म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे. ती पाण्याची बाटली तोंडाला लावून परत आली तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “इकडं ये. हा कर.” “काय कर?” “तोंड उघड आणि हा कर.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिच्या जागी मी दिसले आणि माझ्या जागी आण्णा. मग तिला सगळी हकीकत सांगायला घेतली. अर्ध्यात तिनं मोबाइल उचलला, म्हणून ती आता तुम्हाला ऐकावी लागणार.

आण्णा म्हणजे माझे वडील. बोरीत कुकडी नदीच्या अंगाला आमची जमीन, थोडा ऊस, थोडा कांदा, आणि घरात आम्ही पाच जण: आण्णा, आई, माझी थोरली बहीण मंदाताई, मी आणि आक्का. आक्का ही आण्णांची मोठी बहीण. लग्नानंतर काही वर्षांतच ती माहेरी परत आली ती कायमची, आणि आली त्या दिवसापासून कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या, असं आई सांगायची. फार खूश होऊन सांगायची असं नाही. आण्णा गावात मोठ्यानं बोलणारा माणूस. ग्रामसभेत उठले तर माइक लागायचा नाही. पण आक्कासमोर त्यांचा आवाज बसायचा. तिनं त्यांना काखेत घेऊन वाढवलं होतं, आणि ही गोष्ट ती अधूनमधून चारचौघांत काढायची: “ह्याचा शेंबूड पुसायला बी म्याच व्हते.”

आमच्याकडे कोंबड्याच्या आधी आक्का थुंकायची. पहाटे विहिरीवरची मोटर सुरू व्हायची, म्हशी साखळी ओढायच्या, आई चुलीत काटक्या मोडून घालायची, आणि या सगळ्याच्या वर परसदारातून आक्काचं एक लांब, समाधानी ‘थू’ यायचं, की समजायचं उजाडलं. ती पायरीवर बसून मिश्री लावायची. मिश्री म्हणजे तव्यावर काळीकुट्ट भाजून चुरलेली तंबाखू. बोटावर घ्यायची आणि दातांवर, हिरड्यांवर घोळत बसायचं. आक्का लावायची, आई लावायची, खुरपायला येणाऱ्या बाया लावायच्या, सकाळी एकदा आणि दुपारच्या जेवणानंतर एकदा. मिश्री तोंडात असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, नुसतं ‘हूं’ आणि ‘उंहूं’. तेवढ्या वेळात आपल्याला घरात सुख लाभतं असं आण्णांचं म्हणणं, म्हणून आठवड्याच्या बाजारातून तंबाखूचं पान आणायला ते कधी विसरत नसत. त्याच पिशवीत आमच्यासाठी भेळ असायची. अजूनही मला कुठलीही भेळ मिळमिळीत लागते. हिच्यात काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटत राहतं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आक्का जुना तवा चुलीवर ठेवायची, पानं चुरून टाकायची, आणि घरभर असा धूर व्हायचा की गोठ्यातल्या म्हशीही खोकायच्या. भाजलेली पानं वाटीच्या बुडानं रगडायचं काम माझं आणि ताईचं. दाढ दुखली, “लाव वाईच.” पोट साफ झालं नाही, “लाव वाईच.” परीक्षेच्या धास्तीनं पोटात गोळा आला, “लाव वाईच, बसंल.” असं वाईच वाईच करत आम्ही दोघी बहिणी शाळेत जायच्या आधी आक्काच्या दोन्ही बाजूंना पायरीवर बसायला लागलो, तिघींची तोंडं परसाकडे, तारेवरच्या साळुंक्यांसारखी. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तंबाखू खाणं ही पुरुषांची गोष्ट होती. ती आण्णांच्या चंचीत चुन्याच्या डबीशेजारी असायची. आम्ही दात घासत होतो.

तर अशा स्वच्छ दातांनी आम्ही शेजारच्या गावातल्या हायस्कुलात जायचो. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या बसलाय असा कायमचा संशय, त्यामुळे मुलींनी घोळक्यानं आणि मोठ्यानं बोलत जायचं, अशी शिस्त. मी नववीत, ताई दहावीत. दिवाळीच्या सुटीनंतर एके दिवशी शाळेच्या पटांगणात पांढरी जीप उभी राहिली आणि पुण्याच्या कुठल्याशा संस्थेच्या दोन बाई उतरल्या. त्यांनी नववी-दहावीच्या वर्गांत छापील कागद वाटले आणि गोड आवाजात म्हणाल्या, “मुलांनो, यावर नाव लिहायचं नाही. कोणी काय लिहिलं ते कोणालाच कळणार नाही. अगदी खरं लिहा.” वर्गात जी शांतता पसरली ती इन्स्पेक्टर आल्यावरही पसरली नव्हती. बिननावाचा कागद आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या मागच्या बाकावर गण्या बसायचा, आमच्याच आळीतला. तो गालातला गुटखा सांभाळत कुजबुजला, “नाव नको म्हणत्यात म्हंजी नक्की कायतरी हाय. अक्षरावरनं वळखत्यात ह्या.” “खुणाच तर करायच्यात, अक्षर कुठं हाय?” मी म्हणाले. “खुणंवरनं बी वळखत्यात. पुण्यात मशिन हाय.”

गण्याचं ऐकून मुलांच्या रांगेनं सगळीकडे ‘नाही’वर खुणा केल्या. मारामारी केली का, नाही. आणि गण्याच्या कपाळावर तेव्हा पट्टी होती. मोटारसायकलवर तिघं बसून गेलात का, नाही. दारू, नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट, विडी, मिश्री यांपैकी काही घेतलं का, नाही, नाही, नाही. मी मात्र आज्ञाधारक. मी आधी कागदाच्या डोक्यावर ‘श्री’ लिहिलं, मग पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, आणि उजवीकडे तारीख. बाईंनी ते बघितलं, कपाळाला हात लावला आणि मला नवा कागद दिला. मग मी हात वर करून विचारलं, “बाई, ‘तुम्हाला खूप उदास वाटलं का’ म्हणजे किती उदास? गणिताच्या तासाला वाटतं तेवढं धरायचं का?” बाई म्हणाल्या, “तुला वाटेल ते.” असं मला त्याआधी शाळेत कुणी म्हणालं नव्हतं. त्या आनंदात मी सगळं खरं लिहिलं. मिश्रीवर खूण करताना तर माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. दात घासता का असंच विचारलंय, असं मी धरलं.

ताईच्या वर्गातले कागद गोळा झाले तेव्हा गठ्ठे जीपपर्यंत न्यायला ती पुढे झाली. ती पुढे होणारच. तिला दहावीनंतर जुन्नरला जायचं होतं, अकरावी सायन्सला, आणि पुढे नर्सिंगला. जुन्नरच्या एसट्या किती वाजता सुटतात हे ती झोपेत सांगायची. आण्णा त्यावर ‘बघू’ म्हणाले होते, आणि आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे जवळजवळ होकार. जीपपाशी ती एका बाईंशी बराच वेळ बोलत उभी राहिली. मी लांबून बघत होते. बाई काहीतरी समजावत होत्या आणि ताई खाली बघत होती. त्या दिवसापासून ताई बदलली. सकाळी पायरीवर यायची नाही. डोकं दुखतं म्हणायची, माझ्यावर विनाकारण खेकसायची, सारखी हापशावर जाऊन चुळा भरायची. तिच्या कंपासपेटीत मला बडीशेप सापडली आणि लवंगा. मी घरातल्या वारशाला जागून मनात नोंद घेतली: काहीतरी शिजतंय.

काही आठवड्यांनी त्या संस्थेचा अहवाल शाळेत आला. आमचे हेडसर कळंबहून मोटारसायकलवर यायचे. भला माणूस, पण कागदावर छापलेलं सगळं त्यांना खरं वाटायचं. प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्यांना उन्हात उभं ठेवलं आणि म्हणाले, “मला सांगायला लाज वाटते, तंबाखूच्या बाबतीत आपल्या शाळेच्या मुली मुलांच्या कितीतरी पुढे आहेत. मुलं जवळजवळ निर्व्यसनी.” निर्व्यसनी हा शब्द ऐकताच गण्यानं छाती काढली आणि गडबडीत गुटखा गिळला; दिवसभर उचक्या देत होता. मुलींच्या रांगेत मात्र जी ती दुसरीकडे बघायला लागली. मी माझ्यापुरती निर्धास्त होते. मी तर नुसती मिश्रीवर खूण केली होती. पण मग गुटखा खाणारी कोण? विडी ओढणारी कोण? मला आता कळतं, त्या रांगेतली प्रत्येक मुलगी अगदी हेच मनात म्हणत होती.

आम्ही घरी पोहोचायच्या आधी बातमी पारावर पोहोचली होती. संध्याकाळी आण्णांनी आम्हा दोघींना ओटीवर बोलावलं. चंची बाजूला ठेवली, तोंडातली तंबाखू डाव्या गालातून उजव्या गालात सारली, आणि म्हणाले, “तोंड उघडा. हा करा.” आधी ताईनं केलं. आण्णांनी डोळे मिटून वास घेतला, बियाण्याची पारख करताना घ्यायचे तसा. मग मी. माझ्या नाकात त्यांच्याच तंबाखूचा वास इतका भरला की मला शिंक आली, आणि ती थेट त्यांच्या तोंडावर. “काय न्हाई,” ते तोंड पुसत म्हणाले, “आपल्या घरचा येतो तसाच येतोय.” पण समाधान झालेलं दिसलं नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दिवा लागला की हा कार्यक्रम. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “आवं, पोरी हायत त्या, म्हशी न्हाईत दात बघायला.” आण्णा म्हणायचे, “म्हस खोटं बोलत न्हाई.”

खोटं कोण बोलतंय याचा माझा तपास तोवर पूर्ण झाला होता. डोकेदुखी, चिडचिड, चुळा, लवंगा. घरात गुन्हेगार एकच असू शकत होता आणि तो माझ्या शेजारी गोधडीत झोपत होता. मी एकदा विहिरीवर तिला आडून आडून विचारलं, “ताई, तू काय खातीस का गं?” ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुला बी तेच वाटतंय?” मग बादली उचलून निघून गेली. मला वाटलं, चला, कबूलच केलं.

हेडसरांनी पालकांची सभा बोलावली ती दुपारी, जेवणवेळ टळल्यावर. शाळेच्या लांब व्हरांड्यात पुढे टोप्यांच्या रांगा. मागे भिंतीला टेकून बायका, पदर तोंडावर. आम्हा मुलींना शेजारच्या वर्गात बसवलं होतं, म्हणजे आम्ही सगळ्या खिडकीला लटकलो होतो. हेडसर सुरुवातीला काळजी, भावी पिढी वगैरे बोलले. मग एकानं उठून विचारलं, “पोरींची नावं सांगा.” हेडसर म्हणाले, नावं नाहीत, पद्धतच तशी आहे. “नावं न्हाईत, मंग पोरी आमच्याच कशावरनं?” दुसरा म्हणाला, त्या जीपवाल्या बायांचा काहीतरी डाव आहे. तिसरा म्हणाला, डाव कसला, आपल्याच पोरी शेफारल्यात, दहावी झाली की बस्स करा. टोप्या हलायला लागल्या. आणि मग आण्णा उठले. त्यांचा तो बिनमाइकचा आवाज व्हरांड्याच्या पत्र्यावर आपटला. “दुसऱ्याचं मला ठाव न्हाई. माझी थोरली जूनपासनं घरी. जुन्नर न्हाई आन फुन्नर न्हाई. नगं मला असलं शिक्षान.”

खिडकीत माझ्या शेजारी ताई उभी होती. तिनं गज असे धरले होते की बोटं पांढरी झाली होती. ती रडली नाही. नुसतं हळू म्हणाली, “साडेसातची.” जुन्नरची तिची एसटी. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की माझा तपास कुठेतरी चुकत असावा.

व्हरांड्यात कुणीतरी अजून तावातावानं बोलत होतं. “पर इचारलं तरी काय पोरींना? आमाला कळू द्या.” हेडसरांनी चष्मा लावला आणि कागद वाचला: “गेल्या महिन्यात तुम्ही तंबाखू, गुटखा, सिगारेट, विडी, मिश्री यांपैकी…” मी बायकांच्या बाजूला बघत होते, म्हणून मला ते दिसलं. पदराआडून सगळ्यांची बोटं हलत होती, कारण जेवणानंतरची वेळ होती आणि सभेसाठी कुणी आपली वेळ चुकवणार नव्हतं. ‘मिश्री’ हा शब्द आला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी बोटं जागच्या जागी थांबली. बोलायचं तर तोंडं भरलेली. नुसता एक मोठा ‘उं?’ उठला, गोठ्यात उठावा तसा. पुरुषांनी माना वळवून मागे पाहिलं.

आक्का उठली. कुणाची घाई नसल्यासारखी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून लिंबाच्या बुडाशी गेली, थुंकली, नळावर चूळ भरली, परत एकदा भरली, पदरानं तोंड पुसलं आणि आली. तोवर सगळी सभा तिची वाट बघत होती. कुणाला उठून जावंसं वाटलं नाही.

“गुर्जी,” ती म्हणाली, “त्ये शेवटचं काय वाचलं तुमी?”

“मिश्री.”

“ती बी तंबाखूतच धरली?”

“हो मावशी. त्यांनी सगळं एकाच रकान्यात धरलंय.”

“मंग त्या लेकरांची नावं कशापाय इचारता? माझं लिवा. ही बसलीय तिचं लिवा, तिच्या सासूचं लिवा. तुमच्या घरी मालकीणबाई कशानं दात घासत्यात, गुर्जी?”

हेडसरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते. पुरुषांत कुणीतरी फिसकन हसलं. आक्का तिकडे वळली नाही. तिनं आण्णांकडे पाहिलं. ते अजून उभेच होते, बसायचं विसरले होते.

“बबन, पान तू आणतो. भाजते मी. रगडत्यात पोरी. आन शाळा सुटायची ती फकस्त पोरीची?”

त्यानंतर सभा संपली असं नाही, ती विस्कटली. मिश्री हे व्यसन कसं होईल, असं म्हणत दोघे तिघे भांडत राहिले, कारण मिश्री तंबाखू नाही असं ठरलं तर सगळ्यांचीच सुटका होती. एकानं पुण्याच्या बायांना शिव्या दिल्या. पण मुलींची नावं मात्र पुन्हा कुणी मागितली नाहीत. अहवालाची घडी हेडसरांच्या खिशात गेली. आम्ही उसामधून घरी निघालो तेव्हा आण्णा सगळ्यांत पुढे, एकटे, आणि त्या दिवशी मोठ्यानं बोलत जायची शिस्त कुणीच पाळली नाही. बिबट्याला आम्ही कुणाच्या तरी मयतीवरून येतोय असं वाटलं असेल.

आक्कानं घरी आल्या आल्या मासवडीचा घाट घातला. एवढ्या खटाटोपाचा पदार्थ ती फक्त दोन वेळी करायची, कुणी जिंकलं की आणि कुणी रुसलं की, आणि तो दिवस दोन्हींचा होता. बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबरं-कांद्याचं सारण, आणि डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. आण्णांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, आणि पहिला घास घेता घेता थांबले. नाक वर करून इकडे तिकडे वास घेतला, तुळईकडे, चुलीकडे, कोनाड्यातल्या डबीकडे. “घरात कसला वास येतोय गं?” आक्का वाढता वाढता म्हणाली, “तुज्या जल्मापास्नं येतोय, बाबा. आज नाक उघाडलं व्हय?”

भांडी घासताना ताईनं मला सांगितलं. जीपपाशी तिनं त्या बाईंना विचारलं होतं, मिश्री या यादीत कशी काय? बाईंनी सांगितलं, तीही तंबाखूच, आणि तिनं काय काय होतं तेही सांगितलं. त्या दिवसापासून ती सोडायचा प्रयत्न करत होती. डोकं त्यानंच दुखत होतं. लवंगा त्यासाठीच होत्या. “मंग सांगायचं न्हाई व्हय?” मी म्हणाले. “कुणाचं नाव सांगू? आक्काचं, का आईचं? आन तंबाखू सोडतीय म्हणलं असतं, तर आधी घेत व्हती हेच ऐकलं असतं त्यांनी.” आमच्या सगळ्या घरात, कदाचित सगळ्या शाळेत, ती एकटीच सोडायला निघाली होती, आणि सगळ्यांत संशयास्पद तीच दिसत होती. मी राखेनं तवा घासत होते, मिश्रीचा. घासून घासून त्याचा काळेपणा काही निघेना.

पुढच्या बाजारातून आण्णा पान न घेता आले. भेळ पहिल्यांदा भेळेसारखी लागली आणि मला मुळीच आवडली नाही. दोन दिवसांत घराची जी अवस्था झाली ती सांगण्यासारखी नाही. आक्का डोक्याला फडकं बांधून निजली, आईनं भाजीत दोनदा मीठ घातलं, कुणाचंच पोट साफ होईना, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बायकांची तोंडं दिवसभर मोकळी राहिल्यामुळे आण्णांना जे ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याच्या पुढच्या बाजारी ते मुकाट्यानं पान घेऊन आले. पण सोबत टूथपेस्टची एक गुलाबी नळी होती. ती आमच्यासमोर ठेवून म्हणाले, “पोरींच्या तोंडाला हे. त्या डबीला हात लावला तर बघा.” आणि संशय तो संशयच, रोज सकाळी नळी किती दबली हे ते उजेडात धरून बघायचे. मी काही दिवस नुसती नळी दाबून पेस्ट परसात टाकत होते आणि गुपचूप मिश्रीच लावत होते. मग ताईनं पाहिलं, आणि पुढचं मी लिहीत नाही. सुटली एकदाची.

संध्याकाळचं ‘हा कर’ त्यानंतर आपोआप बंद पडलं. गेल्या वर्षी गावी गेले तेव्हा गण्या भेटला, त्याच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसला होता. चहा मागवला, पण स्वतः बशीतून हळूहळू चोखत होता. त्याचं तोंड आता बोटभरापलीकडे उघडत नाही. गुटख्यानं आतून आवळलंय म्हणतात. घास बारीक करून घालावा लागतो. “त्या टायमाला आपुन सगळं ‘न्हाई’ लिवलं व्हतं, आठवतं का गं?” तो दातांच्या फटीतून हसत म्हणाला. अहवालात मुलांचा रकाना स्वच्छ होता, म्हणून मुलांच्या बापांची सभा कधी झाली नाही. त्याला रोज संध्याकाळी ओटीवर उभं करून ‘हा कर’ म्हणणारं कुणी नव्हतं. आण्णांचा मला तेव्हा किती राग यायचा! गण्याकडे बघताना त्यातला थोडा कमी झाला. सगळा नाही.

ताईच्या जुन्नरचं पुढे काय झालं, तर आण्णा ‘हो’ असं कधीच म्हणाले नाहीत. निकाल लागला, आक्कानं देवापुढे साखर ठेवली, आणि एके सकाळी आण्णा स्वच्छ धोतर नेसून म्हणाले, “मला जुन्नरला तहसिलीत काम हाय. यायचं असंल तर चल.” तहसिलीत काही काम नव्हतं. ते दिवसभर कॉलेजच्या फाटकाशी उभे राहून आत जाणाऱ्या पोरांच्या गालांकडे बघत होते, असं ताई सांगते. नाव घातलं.

पहिल्या दिवशी ती एकटी निघाली तेव्हा तिला फाट्यावर सोडायला आम्ही दोघं गेलो, आण्णा आणि मी. साडेसातची एसटी आली, आधीच भरलेली. ताई दप्तर पुढे घेऊन पायरीवर चढली, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, आणि ती एकदम मागे वळली. सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्या घराण्याच्या आवाजात, म्हणाली, “आण्णा, हा करू का?”

दाराशी उभ्या असलेल्या बाया हसल्या. आण्णांनी टोपी नीट केली, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, “गप. दार लावून घे.” गाडी सुटली. वळणावरच्या उसाआड तिचं मागचं टोक दिसेनासं होईपर्यंत ते हलले नाहीत. मग मी चपलेतला खडा काढायला वाकलेय असं समजून त्यांनी गालातली तंबाखू बोटानं काढून टाकली, ओंजळ तोंडापुढे धरली, हळूच ‘हा’ केलं आणि डोळे मिटून वास घेतला.